अक्काचा दासोह आणि दाजींची मोजणी

फुकट या शब्दाचा आमच्या दाजींइतका धसका घेतलेला माणूस बिदरपासून कलबुर्गीपर्यंत दुसरा सापडायचा नाही. लोक फुकट म्हटलं की हात पुढे करतात. दाजी फुकट म्हटलं की चष्मा पुसायला घेतात. भालकीच्या बसस्टँडवर कुणा शेठजींनी वडिलांच्या नावाने पाणपोई घातली होती. भर मे महिन्याच्या उन्हात, घशाला कोरड पडलेली असताना, दाजी हातात भरलेला पेला धरून तिथल्या बाईला विचारत उभे होते, की रांजण कुणी दिला, पाणी टँकरचं की बोअरचं, आणि तुला पगार मिळतो का. मागची रांग बोंबलायला लागली. शेवटी ती बाई म्हणाली, "पिवायलाव का न्हाई, अण्णा? न्हाई तर ठिवा खाली." दाजींनी पेला खाली ठेवला. आपण ते पाणी प्यालो असतो तर लाभार्थी झालो असतो, आणि लाभार्थ्याने मोजणी करायची नसते, हे त्यांनी मला आमच्या घरी येऊन, माठातलं पाणी घटाघटा पिताना समजावून सांगितलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राज्य सरकारच्या सांख्यिकी खात्यात त्यांची उभी हयात गेली आणि निवृत्तीनंतरही खात्याने त्यांना कंत्राटावर ठेवून घेतलं, कारण त्यांच्या जागी यायला कुणी तयार नव्हतं. मी इथल्या मराठी शाळेत शिकवते, म्हणून ते मला मास्तरीण म्हणतात आणि मला सगळं कळतं असं धरून चालतात. त्यांच्याकडून ऐकून ऐकून मला जे कळलं ते असं. राज्याचं एकूण उत्पन्न काढतात त्यात एक बारीकसा रकाना असतो. मठ, ट्रस्ट, अन्नछत्रं, धर्मादाय दवाखाने, वसतिगृहं, अशा नफा न कमावणाऱ्या संस्था घरोघरच्या माणसांसाठी जे काही करतात, त्याचा हा रकाना. खानावळीतल्या भाकरीला भाव असतो, पंगतीत वाढलेल्या भाकरीला नसतो. मग तिची किंमत काय धरायची? तर ती करायला जो खर्च आला, तीच. "फोडणीत पडलेलं तेलसुद्धा राज्याच्या उत्पन्नात येतं, मास्तरीण," हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलायचा, की ते तेल त्यांनीच ओतलंय असं वाटावं. पण या हिशोबाला एक भोक होतं आणि ते दाजींना रात्रंदिवस टोचायचं. आचारी पगार घेत असेल तर त्याचा पगार खर्चात धरायचा; पण एखादी बाई पुण्य म्हणून फुकट राबत असेल, तर तिच्या राबण्याची किंमत शून्य. म्हणून दाजी जिथे जातील तिथे सेवेकऱ्यांची मनधरणी करायचे, "बाबांनो, नावापुरता का होईना, पगार घ्या. तुम्ही फुकट राबायलाव म्हणून आपलं राज्य कागदावर गरीब दिसायलंय." अशा वेळी लोक एकमेकांकडे बघायचे आणि कुणीतरी त्यांना सावलीत बसवायचं.

या कामापायी त्यांनी दोन्ही जिल्हे पालथे घातले. एकदा अफजलपूरकडे एका वसतिगृहाचे सचिव दाजींना आयकरवाले समजून मागच्या दाराने थेट उसात शिरले. दुसरा कुणी असता तर 'भेट झाली नाही' असं लिहून परतीची बस पकडली असती. दाजी बांधावर रुमाल टाकून बसले आणि त्यांनी उसाकडे तोंड करून पहिला प्रश्न विचारला. बराच वेळ उसातून नुसती सळसळ आली. मग मुलांची संख्या आली. मग जेवणाचा खर्च आला, मग वॉर्डनचा पगार, आणि सगळी माहिती पुरी होईपर्यंत त्या गृहस्थांनी उसातून मान बाहेर काढली नाही. निघताना दाजींनी त्या उसाला नमस्कार केला. मी ही गोष्ट शाळेत सांगितली की सगळे शिक्षक पोट धरून हसायचे.

गाणगापूरने मात्र त्यांना घाम फोडला. तिथे दुपारी माधुकरीची रीत आहे. भक्त झोळी घेऊन भिक्षा मागतात, आणि तेच भक्त दुसऱ्यांच्या झोळीत भिक्षा घालतातही. स्वतः दत्त महाराज त्या वेळी कुठल्या तरी रूपात मागायला येतात अशी श्रद्धा, त्यामुळे कुणालाच नाही म्हणत नाहीत. दाजींनी पाहिलं, की एका बाईने पोळी दिली, ती ज्याने घेतली त्याने पुढे दुसऱ्याला दिली, आणि फिरत फिरत ती पोळी पुन्हा त्याच बाईच्या झोळीत आली. आता देणारा कोण, घेणारा कोण आणि खर्च कुणाच्या नावे? दिवसभर डोकं धरून बसल्यावर त्यांनी निवाडा केला, की हे घराने घराला दिलेलं. संस्थेचं नाही, सबब आपल्या रकान्यात बसत नाही. मी मेहुणीच्या हक्काने चिडवलं, "दाजी, आणि देव खरंच आला असेल तर तो कुठल्या रकान्यात?" दाजींनी चष्मा काढला. खरोखर विचार केला. "देव हे कुटुंब न्हाई," ते म्हणाले, "आणि संस्था म्हणावं तर त्यो जमाखर्च दाखवत न्हाई. त्याला सोडून द्यावं लागतंय."

हे सगळं मी हसत सांगतेय खरी, पण पूर्वीसारखं हसू येत नाही. यात खरी अडचण होती ती आमच्याच रीतीची. आमची घरं बसवण्णांना मानणारी. आमच्याकडे अन्नदान म्हणत नाहीत, दासोह म्हणतात. दान देणारा वर उभा असतो. दासोह करणारा दास होऊन देतो. म्हणून काय दिलं, किती दिलं, कुणी दिलं, हे बोलायचं नाही आणि मोजायचं तर मुळीच नाही. खटकचिंचोळीच्या अलीकडे एक मठ आहे. दाजींच्या वडिलांनी तिथल्या पंगतीत आयुष्यभर वाढपी म्हणून सेवा केलेली. त्याच मठात दाजी धान्याचा खर्च विचारायला गेले, तेव्हा म्हातारे स्वामी रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "दासोहक्क लेक्क इल्लप्पा." दासोहाला हिशोब नसतो, बाबा. दाजी उठले. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी हंडे न्याहाळले, चुलीतल्या राखेवरून लाकडांचा अंदाज केला, आणि जेवायचा आग्रह झाला तेव्हा पोट बिघडल्याचं खोटं सांगून उपाशीपोटी बस पकडली. त्या संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. "मास्तरीण," ते म्हणाले, "आपल्याच बापाच्या पानात डोकावून आल्यासारखं वाटायलंय."

आणि ज्या माणसाला पेलाभर पाण्याचा हिशोब लागायचा, त्याच्या स्वतःच्या परसात रोज दुपारी बिनहिशोबी पंगत बसत होती. ती माझ्या अक्काची.

त्याचं असं झालं. शेजारची सून बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात होती. तिला डबा द्यायला अक्का गेली, तर व्हरांड्यात तांड्यावरचा एक माणूस, तापाने फणफणलेल्या आपल्या पोराने ताटात टाकलेला घास खाताना तिला दिसला. रोग्याला दवाखाना जेवण देतो. रोग्याजवळ बसणाऱ्याला कोण देणार? अक्का घरी आली आणि दुसऱ्या दिवशी तिने दुरडीभर भाकरी जास्त थापल्या. मग रोजच थापायला लागली. दवाखाना आमच्या गल्लीच्या तोंडाशीच. दुपारी रोग्यांची माणसं परसातल्या कडुलिंबाखाली येऊन बसायची. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाड्याची भाजी, शेंगाची चटणी. गल्लीतल्या चारदोन बाया भाकरी थापायला यायच्या, त्यांत काशव्वा सगळ्यांत पुढे. आणि धान्य? ते पहाटे दारात असायचं. कधी ज्वारीचं पोतं, कधी डाळीची पिशवी, कधी नुसतीच वांगी. ठेवणारा उंबऱ्याला हात लावून निघून जायचा. अक्का त्या वेळेला जागी असायची, पण तिने कधी खिडकी उघडून पाहिलं नाही. "त्यांला वळखू दिलं, तर त्यांचं काय राह्यलं?" असं म्हणायची. कित्येक वर्षं हे असं चाललं. अक्काला मूल झालं नाही. पण दुपारी लिंबाखाली वाढताना तिच्या तोंडावर जे असायचं, ते मी माझ्या शाळेतल्या एकाही लेकुरवाळीच्या तोंडावर पाहिलेलं नाही.

दाजी त्या पंगतीत कधी बसले नाहीत. खोलीत बसून जेवायचे आणि खिडकीतून बघायचे. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला फार उशिरा कळलं. जिल्ह्यातली पांढऱ्या कपड्यांतल्या विश्वस्तांची अन्नछत्रं त्यांच्या हाताने राज्याच्या उत्पन्नात गेली होती आणि अक्काची एक भाकरीसुद्धा गेली नव्हती. नोंदणी नाही, म्हणजे संस्था नाही. घराने घराला दिलेलं, सबब सोडून द्या. दाजी बायकोला 'भाजी चांगली झाली' असं कधी म्हणाले नाहीत. आमच्याकडचे पुरुष म्हणतच नाहीत. पण त्यांना तिचं कौतुक करायचं होतं, फार करायचं होतं, आणि कौतुकाची त्यांना एकच रीत येत होती. ती म्हणजे मोजणं.

त्यांनी ट्रस्ट नोंदवला. बसवजयंतीच्या दिवशी दारावर पत्र्याची पाटी ठोकली आणि अक्काला बाहेर बोलावून दाखवली. अक्का पदराने हात पुसत उभी राहिली. "अहो, कामून केलाव हे?" ती म्हणाली. "सांगून केलं की ते दासोह राहत न्हाई म्हणायची माझी आई."

"सांगायचं न्हाई गं, नुसती नोंद," दाजी म्हणाले. "एकदा यादीत आलं की तुझी चूल राज्याच्या हिशोबात येतीय. कायमची."

त्यांचा चेहरा इतका खुशीत होता, की अक्काने पुढे काही म्हटलं नाही. तिथे तिने म्हणायला हवं होतं. मी तर पेढे वाटले.

ट्रस्ट झाला म्हणजे आलेल्या धान्याला पावती हवी. दुसऱ्या दिवसापासून दाजी भल्या पहाटे कानटोपी घालून, पावतीपुस्तक आणि पेन घेऊन स्वतःच्या उंबऱ्यात खुर्ची टाकून बसायला लागले. पहिल्या दिवशी एक शेतकरी मोटारसायकलवर पोतं बांधून गल्लीत शिरला. दाजी उत्साहाने उठले, "या, या, नाव सांगा, गाव सांगा." त्या माणसाने मोटारसायकल तशीच वळवली. दुसऱ्या दिवशी एक म्हातारा डोक्यावर पिशवी घेऊन आला, दाजींना बघून थबकला आणि "चुकलो, शेजारी जायचं व्हतं," म्हणून खरंच शेजाऱ्याच्या दारात डाळ ठेवून गेला. शेजाऱ्याने आणून दिली, तर दाजी शेजाऱ्याच्याच नावाने पावती फाडायला निघाले. तो हात जोडून पळाला. आम्ही तेव्हा हसलो. आठवडाभरात पहाटे दारात कुणी यायचं बंद झालं. बाजारात कुजबुज सुरू झाली, की आता त्यांना सरकारचं मिळायलंय, पाटी लावली बघा, आपलं पोतं त्यांना कशाला? ज्यांना तसं वाटत नव्हतं त्यांनाही पावती नको होती. पावती घेतली तर तो दासोह कसला?

दाजींनी खुर्ची आत घेतली, पण पाटी होती, आणि गेलेली माणसं परतली नाहीत. मग त्यांच्या डोक्यात बायांच्या राबण्याचं शून्य आलं. त्यांनी एका दुपारी सगळ्यांना बसवून, ट्रस्टकडून दर महिन्याला थोडा पगार द्यायचं जाहीर केलं. पैसे त्यांच्याच पेन्शनमधले. काशव्वाने हातातला पिठाचा गोळा परातीत ठेवला. "म्या तुमच्या घरी मोलानं येते व्हय, अण्णा?" एवढंच तिने विचारलं. ती चप्पल घालून गेली, आणि ती गेली तशा बाकीच्याही एकेक करून यायच्या थांबल्या.

पुढचं सांगायला मला आवडत नाही. अक्का एकटी थापत राहिली. दाजी पेन्शनीतून ज्वारी आणायचे, वरण पातळ होत गेलं, वाढताना अक्का आधी माणसं बघायची आणि मग दुरडीत बघायची. दवाखान्यातून येणारी माणसं कमी झाली नव्हती. एके दिवशी तिने परसाचं दार आतून लावून घेतलं. बाहेर दोघंजण उभे होते, त्यांचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. अक्का चुलीपाशी बसून राहिली. दाजी दुसऱ्या खोलीत होते. ते बाहेर आले नाहीत. त्यानंतर चूल पेटली ती फक्त दोघांपुरती.

अक्काची मूत्रपिंडं कामातून गेली होती, हे पुढे कलबुर्गीच्या मोठ्या दवाखान्यात कळलं. डॉक्टर म्हणाले, जुनं दुखणं आहे. मला ते पटायचं नाही. दार लावलं त्या दिवशीच ती संपली, आणि दाजींनी तिला संपवली, असं मला वाटायचं. आजही मध्येच तसं वाटून जातं.

शेवटच्या आठवड्यात अक्का बरी शुद्धीवर होती. मी उशाशी होते, दाजी पायथ्याशी स्टुलावर. तिने एकाएकी विचारलं, "अहो, ते आपलं मोजून झालं का? किती निघालं?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. यादीत नाव असलं म्हणून मोजणी होत नसते. सगळ्या संस्थांकडे कोण जाणार? बेंगळुरूला चिठ्ठ्या टाकल्यासारखी त्यांतल्या काहींची निवड होते, आणि त्यांच्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधतात. त्या वर्षीची निवड येऊन गेली होती. भालकीतून नाव निघालं होतं ते संगमरवरी फाटकवाल्या एका ट्रस्टचं. दाजींच्या हाताखालचा कारकून म्हणाला होता म्हणे, 'सर, त्यांचं फाटक बंद होतं असं दाखवू, त्याच्या बदली तुमच्या घरचा ट्रस्ट घालू.' दाजींनी त्याला दिवसभर समोर बसू दिलं नव्हतं. हे त्यांनी मला दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं होतं, अक्काला नाही.

मी दाजींकडे डोळे वटारून बघत होते. काहीही आकडा सांगा. मोठा सांगा. तिला कुठे कळणार आहे?  पण आयुष्यात दाजींनी बेरजेतला शेवटचा आकडासुद्धा कधी गोल करून शून्य केला नव्हता.

"न्हाई निघालं," ते म्हणाले. "चिठ्ठीत आपलं नावच आलं न्हाई. कुणी मोजलंच न्हाई गं."

अक्काने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं झालं. म्हणजे आपला दासोह मोडला न्हाई." आणि तिने माझ्याकडे पाणी मागितलं.

ती गेल्यावर मी वर्षभर दाजींशी धड बोलले नाही. तेराव्याला त्यांनी मला समजवायचा प्रयत्न केला, की निवडलेली संस्था निवड न झालेल्यांच्या जागी उभी असते, तेव्हा त्या संगमरवरी फाटकाच्या आत तुझी अक्काबी हाय, अंदाजानं. मी ताट तसंच टाकून उठले. आता राग निवलाय. त्यांनी पाटी काढली, कंत्राट सोडलं. म्हातारे झालेत, संध्याकाळी आमच्याकडे येतात, ओट्यावर बसतात, मी चहा देते.

अक्का ते मनापासून बोलली, की समोर मान घालून बसलेल्या नवऱ्याला मोकळं करायला बोलली, हे मला कळलेलं नाही. दाजींनाही कळलेलं नाही, आणि ते त्यांच्या मनातून जात नाही, हे मी बघते. जन्मभर दारोदार प्रश्न विचारत फिरलेला माणूस. कप खाली ठेवतात, माझ्याकडे बघतात, "मास्तरीण, तू तर जवळच व्हतीस," असं सुरू करतात, आणि मग यंदा तुरीला फुलोरा बरा आहे असं काहीतरी सांगून काठी उचलतात. विचारलं तर 'मनापासूनच बोलली' असं सांगायचं मी ठरवून ठेवलं आहे. अजून त्यांनी विचारलेलं नाही.